न लिहिलेला ‘द’

१९९९च्या जून महिन्यात सातारा जिल्ह्यातील आमच्या गावात मोजक्याच घरांत टीव्ही होता आणि त्यांपैकी एक आमच्याकडे होता. कारगिलची लढाई चालू होती. गावातली बरीच मुले फौजेत असल्यामुळे संध्याकाळी सातच्या मराठी बातम्यांना आमचा सोपा माणसांनी भरून जाई आणि बातम्या संपल्या की माणसे न बोलता आपापल्या घरी परतत. शेजारच्या आक्का मात्र उठत नसत. त्यांचा थोरला मुलगा द्रासच्या बाजूला होता, आणि मराठी बातम्यांत जे सांगायचे राहिले असेल ते इंग्रजी बातम्यांत सापडेल अशा आशेने त्या रात्री उशिरापर्यंत पडद्यावरचे डोंगर पाहत बसत. एका रात्री निवेदिकेच्या तोंडी द्रासचे नाव आले आणि पाठोपाठ ‘कॅज्युअल्टीज’ हा शब्द आला. आक्कांनी माझ्याकडे वळून विचारले, “काय म्हनली गं ती?” मी नुकतीच दहावी झाले होते, इंग्रजीत मला चांगले गुण होते, आणि अर्थ ठाऊक नाही असे म्हणायची मला सवय नव्हती. मी म्हणाले, “कॅज्युअल्टी म्हणजे मेलेले, आक्का.”

त्या रात्री आक्कांच्या घरी चूल पेटली नाही. पुढचे अकरा दिवस त्या आमच्या सोप्यात आल्याच नाहीत. पोस्टमनची सायकल गल्लीत वळली की दारात येऊन उभ्या राहत, एवढेच. बाराव्या दिवशी आंतर्देशीय पत्र आले. मुलाच्या मांडीत गोळी लागली होती, तो लष्करी रुग्णालयात होता आणि त्याच्या जिवाचा धोका टळला होता. ते पत्र त्यांना मीच वाचून दाखवले. कॅज्युअल्टी या शब्दात मेलेल्यांबरोबर जखमी, आजारी, बेपत्ता आणि शत्रूच्या हाती सापडलेले असे सगळे येतात. लढण्याजोगे जे उरले नाहीत त्या सर्वांची ती एकत्र मोजदाद असते. त्या रात्रीच्या आकड्यात आक्कांचा मुलगा कदाचित होताही, पण जिवंत होता. मला सर्वांत जास्त लागले ते हे, की हा शब्द माझ्या रोजच्या कानावरचा होता. साताऱ्याच्या सरकारी रुग्णालयात अपघातग्रस्तांना ‘कॅज्युअल्टीत नेले’ असे आमच्याकडे सगळेच म्हणत, आणि तिथे नेलेली माणसे जिवंत असतात हे कुणी वेगळे सांगायची गरज नव्हती. पुढे कळले की शाळेतले गुरुजी घेत ती ‘कॅज्युअल लीव्ह’ आणि ही ‘कॅज्युअल्टी’ एकाच मुळातून आलेल्या आहेत. लॅटिनमध्ये त्या मुळाचा अर्थ अवचित घडलेली गोष्ट असा होतो.

माझी पहिली दोनशे पानी वही त्या पावसाळ्यात सुरू झाली. तालुक्याच्या वाचनालयात इंग्रजी वर्तमानपत्र एकच येई आणि तेही एक दिवस शिळे. मी त्यातली परराष्ट्र व्यवहाराची आणि संरक्षणाची बातमी शोधून काढत असे. सुटा शब्द उतरवायचा नाही, हा नियम मी पहिल्या पानापासून पाळला. ज्या वाक्यात शब्द आला ते संपूर्ण वाक्य, ते कोण बोलले, कोणाला उद्देशून बोलले आणि तारीख, एवढे लिहायचे; खाली माझे मराठी लिहायचे आणि त्याखाली चार ओळी कोऱ्या सोडायच्या. त्या कोऱ्या ओळी दुरुस्तीसाठी होत्या. कॅज्युअल्टीच्या पानावर मी पहिल्या दिवशी त्या चारही ओळी भरल्या.

सुरुवातीला वहीत मोठमोठे फ्रेंच शब्द जमा झाले. देतांत (तणाव सैल होणे), रॅप्रोशमाँ (दुरावलेल्यांनी पुन्हा जवळ येणे), देमार्श (दुसऱ्या सरकारपुढे रीतसर मांडलेले म्हणणे), कम्युनिके (अधिकृत निवेदन), अताशे (दूतावासातला विशिष्ट विषयाचा अधिकारी) हे सगळे फ्रेंच ही युरोपच्या दरबारांची भाषा असल्याच्या काळातले आहेत आणि इंग्रजीने ते उच्चारासकट ठेवून घेतले आहेत. ते दिसायला अवघड असले तरी एकदा कळले की विसरत नाहीत, आणि मराठी वाचकाला तर त्यांच्या मागचे व्यवहार लहानपणापासून ठाऊक असतात. पुरंदरचा तह, वसईचा तह, तैनाती फौज, खलिता हे शब्द आपण चौथीच्या इतिहासापासून ऐकतो. पेशवाईत वकील म्हणजे दुसऱ्या दरबारी राहून आपल्या धन्याची बाजू मांडणारा माणूस. कोर्टातला वकील नंतरचा. त्यामुळे ‘एन्व्हॉय’ म्हणजे काय हे मला कुणी समजावून द्यावे लागले नाही. ‘ॲम्बॅसडर’ आणि ‘हाय कमिशनर’ यांतला फरक तेवढा शोधावा लागला: राष्ट्रकुलातले देश एकमेकांकडे उच्चायुक्त पाठवतात आणि इतरांकडे राजदूत, म्हणून इस्लामाबादेत आपले उच्चायुक्तालय असते आणि बीजिंगमध्ये दूतावास.

ओळखीचे शब्दच अधिक फसवे निघाले. आमच्या घरात एंगेजमेंट म्हणजे साखरपुडा. वर्तमानपत्रात मात्र दोन देशांत एंगेजमेंट वाढते तेव्हा बोलणी वाढतात, आणि दोन सैन्यांत एंगेजमेंट होते तेव्हा गोळ्या सुटतात. २०२० साली लडाखमधल्या गलवानला चिनी सैन्याशी झालेल्या चकमकीनंतर ‘डिसएंगेजमेंट’ हा शब्द रोज येऊ लागला, तेव्हा मी जुन्या पानावर परत गेले. एकमेकांत अडकणे हा त्या शब्दाचा गाभा आहे आणि ते अडकणे वचनाने होते, संवादाने होते किंवा लढाईने. समोरासमोर भिडलेल्या तुकड्या मागे घेणे एवढेच डिसएंगेजमेंटमध्ये येते. मागे जमवलेले सैन्य तिथेच राहू शकते आणि ते कमी करायचे असेल तर त्यासाठी ‘डीएस्कलेशन’ हा पुढचा, वेगळा शब्द आहे. मराठीत आपण दोन्हींना ‘सैन्यमाघार’ म्हणून मोकळे होतो, आणि मग २०२४च्या ऑक्टोबरात गस्तीबाबत समझोता झाल्यावरही सैन्य तिथे का, असा प्रश्न वाचकाला पडतो.

‘एस्कलेट’ या क्रियापदावर माझी तीन पाने खर्ची पडली आहेत आणि त्याचा मला अजिबात खेद नाही. हा शब्द सरकत्या जिन्याच्या ‘एस्कलेटर’ या नावातून मागे काढलेला आहे. अण्वस्त्रांच्या काळात तो युद्धाच्या भाषेत शिरला आणि १९६५ साली हर्मन कान या अमेरिकी अभ्यासकाने साध्या कुरबुरीपासून सर्वनाशापर्यंतची ४४ पायऱ्यांची शिडीच मांडून दाखवली. इंग्रजी बोलणाऱ्याच्या मनात भांडण म्हणजे जिना असतो. आपल्याकडे भांडण चिघळते, म्हणजे ते जखमेसारखे असते. त्याला पायऱ्या नसतात. ते नासत जाते, पसरत जाते. उलट दिशेलाही हाच फरक आहे. इंग्रजीत पायऱ्या उतरता येतात, तर आपल्याकडे तणाव निवळतो, गढूळ पाणी हालवले नाही तर निवळते तसा. फ्रेंच देतांतमध्ये ताणलेली दोरी सैल सोडण्याची कल्पना आहे. जिना, जखम, पाणी, दोरी: एकाच गोष्टीकडे माणसांनी किती परींनी पाहिले आहे! ७ मे २०२५ रोजी ऑपरेशन सिंदूरची माहिती देताना सरकारने ‘मेझर्ड’ आणि ‘नॉन-एस्कलेटरी’ हे शब्द वापरले, तेव्हा मी मराठीत आधी ‘संघर्ष न चिघळवणारी’ असे लिहिले आणि नंतर खोडले. आम्ही एका ठरावीक पायरीवर थांबलो आहोत, पुढची चढायची की नाही हे तुमच्यावर आहे, असा निरोप त्या शब्दात होता. जखमेच्या भाषेत तो निरोप सांगताच येत नाही. मी शेवटी ‘मोजून टाकलेले आणि वरची पायरी न चढणारे पाऊल’ असे लिहिले. लांब आहे, पण खरे आहे.

मात्र या बातम्यांनी मला जे शिकवले ते मुख्यतः मोठ्या शब्दांविषयी नव्हते, आणि हे समजायला मला काही वर्षे लागली. मोठा शब्द शब्दकोशात सापडतो. इंग्रजीचे खरे कोडे ‘द’, ‘इन’, ‘डाउन’, ‘शुड’ असल्या बारक्या शब्दांत आहे. रोजच्या वाचनात त्यांच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही, कारण तिथे चूक झाली तरी काही बिघडत नाही. मुत्सद्द्यांच्या मजकुरात बिघडते. तिथे एकेका अव्ययासाठी माणसे रात्र रात्र बसलेली असतात, आणि म्हणून मराठी माध्यमातून आलेल्या माणसाने ‘द’ कधी लावायचा हे शिकायला त्याहून चांगली शाळा मला दुसरी दिसत नाही.

२२ नोव्हेंबर १९६७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २४२ क्रमांकाचा ठराव एकमताने मंजूर केला. त्याच वर्षी जूनमधल्या सहा दिवसांच्या युद्धात इस्रायलने सिनाई, गाझा, वेस्ट बँक, पूर्व जेरुसलेम आणि गोलान टेकड्या ताब्यात घेतल्या होत्या. ब्रिटनचे प्रतिनिधी लॉर्ड कॅराडन यांनी मांडलेल्या त्या मसुद्यात इस्रायली सैन्याने ‘फ्रॉम टेरिटरीज ऑक्युपाइड इन द रीसेंट कॉन्फ्लिक्ट’ माघार घ्यावी असे म्हटले आहे. हे वाक्य मी वहीत उतरवले तेव्हा मला त्यात विशेष काहीच दिसले नाही. नंतर वाचनात आले की ‘टेरिटरीज’च्या आधी ‘द’ नाही, आणि त्या एका नसण्यावर अर्धशतकाहून अधिक काळ वाद चालू आहे. ‘द’ असता तर व्यापलेले सगळे प्रदेश सोडा असा अर्थ बांधला गेला असता. ‘द’ नाही, म्हणून काही प्रदेश सोडले तरी ठरावाचे पालन होते, असे इस्रायलची बाजू घेणारे म्हणतात. अरब देश ठरावाच्या फ्रेंच पाठाकडे बोट दाखवतात, कारण फ्रेंचमध्ये त्या जागी जो शब्द येतो त्याचा सरळ अर्थ ‘त्या प्रदेशांतून’ असा लागतो; शिवाय युद्धाने प्रदेश मिळवणे अमान्य आहे असे त्याच ठरावाच्या प्रस्तावनेत म्हटलेले आहे.

मी ते वाक्य पुन्हा काढून पेन्सिलीने एकेक शब्द मोजला. त्याच वाक्यात पुढे, ‘रीसेंट कॉन्फ्लिक्ट’च्या आधी, ‘द’ आहे. म्हणजे लिहिणारा विसरलेला नव्हता. कोणते युद्ध हे त्याने पक्के केले होते आणि कोणते प्रदेश हे मोकळे सोडले होते. मग मी त्याचे मराठी केले: ‘नुकत्याच झालेल्या संघर्षात व्यापलेल्या प्रदेशांतून इस्रायली सैन्याची माघार’. हे मराठी वाक्य निर्दोष आहे, पण त्यात तो वाद उरलाच नाही, कारण आपल्या भाषेत ‘द’ नाही आणि म्हणून त्याचा अभावही नाही. “पुस्तक आण” म्हटले की कोणते पुस्तक हे आपण बोलणाऱ्याच्या नजरेवरून, मागच्या बोलण्यावरून ओळखतो; अगदीच गरज पडली तर ‘ते’ म्हणतो. शाळेत ‘द’विषयी मला नियम शिकवले होते: नद्यांच्या आधी लावा, सूर्यचंद्राच्या आधी लावा. ‘द’ म्हणजे ऐकणाऱ्याशी केलेला एक करार आहे, कोणत्या वस्तूविषयी बोलतो आहोत हे आपल्या दोघांनाही माहीत आहे असे सांगणारा, हे मला २४२ क्रमांकाच्या ठरावाने शिकवले. मी तो धडा आजही फळ्यावर हेच वाक्य लिहून शिकवते.

अव्ययांचेही तसेच आहे. २०२२ साली बालीच्या जी-२० जाहीरनाम्यात रशियाने युक्रेनविरुद्ध केलेल्या आक्रमणाचा नावानिशी उल्लेख होता. पुढच्या वर्षी दिल्लीच्या जाहीरनाम्यात ‘वॉर इन युक्रेन’ एवढेच राहिले. ‘अगेन्स्ट’ म्हटले की मारणारा आणि मार खाणारा दोन्ही वाक्यात येतात. ‘इन’ म्हटले की केवळ जागा उरते. २०२१च्या ग्लासगो हवामान परिषदेत कोळशाच्या विजेबाबत शेवटच्या क्षणी भारताच्या आग्रहाने ‘फेज आउट’चे ‘फेज डाउन’ झाले: टप्प्याटप्प्याने बंद करणे आणि टप्प्याटप्प्याने कमी करणे. क्रियापदाला जोडून येणारे हे ‘आउट’ आणि ‘डाउन’ पाठ करता करता माझ्या विद्यार्थिनी कंटाळतात, पण देशाची वीज त्यावर ठरते म्हटल्यावर नीट बसून ऐकतात.

‘सॉरी’चे पान २००१च्या एप्रिलमधले आहे. १ तारखेला अमेरिकेचे टेहळणी विमान आणि चीनचे लढाऊ विमान हैनान बेटाजवळ एकमेकांवर आदळले. चिनी वैमानिक बेपत्ता झाला आणि अमेरिकी विमान परवानगीविना हैनानच्या तळावर उतरले. त्यातले २४ जण अकरा दिवस चीनच्या ताब्यात होते. चीनला माफी हवी होती आणि अमेरिका आपली चूक मानायला तयार नव्हती. शेवटी अमेरिकी राजदूताने जे पत्र दिले त्यात दोनदा ‘व्हेरी सॉरी’ होते: एकदा वैमानिकाच्या मृत्यूबद्दल आणि एकदा परवानगी न घेता उतरल्याबद्दल. चीनने आपल्या लोकांना ते खोल दिलगिरीच्या शब्दांत सांगितले, अमेरिकेने आपल्या लोकांना हे माफीपत्र नव्हे असे सांगितले, आणि माणसे सुटली. मी तोवर ‘सॉरी’ म्हणजे ‘माफ करा’ एवढेच समजत होते. एसटीत कुणाचा पाय तुडवला की म्हणायचे ते. पण शेजारी कुणी गेले तर इंग्रज माणूस ‘आय ॲम सॉरी’ म्हणतो आणि त्यात गुन्ह्याची कबुली नसते. मराठीत यासाठी खेद, हळहळ, दिलगिरी, क्षमा, माफी अशी उतरंड आहे आणि तिच्यातले कोणतेही मडके दुसऱ्याच्या जागी ठेवता येत नाही. ही उतरंड माझ्या भाषेत आहे हे मला त्या इंग्रजी पत्रामुळे दिसले.

‘क्वारंटाइन’च्या पानावरची गोष्ट त्याहून जुनी. १९६२च्या ऑक्टोबरात क्युबाभोवती अमेरिकी नौदल उभे करताना अध्यक्ष केनेडी यांनी ‘ब्लॉकेड’ हा शब्द टाळून ‘क्वारंटाइन’ म्हटले, कारण आंतरराष्ट्रीय कायद्यात नाकेबंदी ही युद्धाची कृती ठरते. व्हेनिसच्या बंदरात जहाजांना चाळीस दिवस थांबवून ठेवत, त्या चाळीस या संख्येचा तो शब्द आहे. २०२० साली मुंबईहून गावी आलेल्या आमच्या पाहुण्यांच्या हातावर त्याच शब्दाचा शिक्का पाहिला, तेव्हा घरात तो शब्द फक्त मला आधीपासून माहीत होता.

मी आता संध्याकाळी एनडीएच्या, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलींना इंग्रजी शिकवते. खडकवासल्याहून मुलींची पहिली तुकडी, सतरा जणींची, मे २०२५मध्ये बाहेर पडली, आणि तेव्हापासून आमच्या वर्गातली बाके कमी पडतात. २६ फेब्रुवारी २०१९ रोजी पाकिस्तानातल्या बालाकोटवरच्या हवाई हल्ल्यानंतर तेव्हाचे परराष्ट्र सचिव विजय गोखले यांनी वाचलेले निवेदन मी त्यांना नेहमी देते. त्यात ‘इमिनंट डेंजर’, म्हणजे अगदी येऊन ठेपलेला धोका, आहे. कुणीतरी दरवर्षी तिथे ‘एमिनंट’ लिहितेच, आणि मग धोका नामवंत होतो. त्याच निवेदनात ‘नॉन-मिलिटरी प्रीएम्प्टिव्ह ॲक्शन’ असे शब्द आहेत, म्हणजे समोरच्याने वार करण्याआधीच केलेली बिगरलष्करी कारवाई. विमानांनी केलेला बॉम्बहल्ला बिगरलष्करी कसा, असे मुली विचारतात. तिथे ‘नॉन-मिलिटरी’ हे विशेषण हल्ला कोणी केला याविषयी बोलत नाही. कोणावर केला नाही हे ते सांगते. पाकिस्तानच्या सैन्यावर आम्ही हात उचललेला नाही, असे ते जगाला उद्देशून म्हटलेले आहे. विशेषण कोणाला चिकटते हे पाहायची सवय अशा दोन शब्दांवरून जितकी लागते तितकी व्याकरणाच्या पुस्तकातून लागत नाही, असा माझा अनुभव आहे.

आक्का आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. मुलगा निवृत्त होऊन गावात पिठाची गिरणी चालवतो; नातू फौजेत आहे आणि २०२५च्या मे महिन्यात जम्मूच्या बाजूला होता. १० तारखेला संध्याकाळी त्या पुष्कळ दिवसांनी आमच्या सोप्यात येऊन बसल्या. पडद्यावर सगळीकडे ‘सीझफायर’ हा शब्द फिरत होता, अमेरिकेच्या अध्यक्षांनीही तोच वापरला होता. मी परराष्ट्र सचिवांचे छोटे निवेदन मोबाइलवर काढले. त्यात सीझफायर नव्हते. पाकिस्तानच्या लष्करी मोहिमांच्या प्रमुखांनी दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी आपल्या प्रमुखांना फोन केला, जमिनीवर, हवेत आणि समुद्रात गोळीबार व लष्करी कारवाई ५ वाजल्यापासून थांबवायचे दोघांत ठरले, आणि १२ तारखेला दुपारी १२ वाजता ते पुन्हा बोलतील, एवढेच होते. परराष्ट्रमंत्र्यांनीही ‘अंडरस्टँडिंग’ म्हटले होते.

“थांबलं का गं?” आक्कांनी विचारले.

मी निवेदन पुन्हा एकदा वाचले. “पाच वाजल्यापासून थांबवायचं ठरलंय, आक्का. परवा परत बोलणार आहेत.”

“म्हंजी ठरलंय,” त्या म्हणाल्या. “थांबलंय असं नाय म्हनलेलं.”

“नाही. तसं नाही म्हटलेलं.”

त्यांनी पदर सावरला आणि भिंतीला टेकून बसल्या. रात्री अकराच्या सुमारास परराष्ट्र सचिव पुन्हा पडद्यावर आले आणि ठरलेल्याचे उल्लंघन होत असल्याचे त्यांनी सांगितले, तेव्हाही त्या तिथेच होत्या.